तुकड्यांचा साबण

"अगं, हळू ढवळ. एवढा फेस काढलास तर कपडे राहतील बाजूला, आपणच वाहून जाऊ," थोरली जाऊ म्हणाली.

धाकटीने हात आवरला. मंद आचेवरच्या पातेल्यात साबणाचा कीस विरघळत होता. घरीच केलेल्या साबणाचे हे उरलेसुरले तुकडे. वड्या कापताना निघालेल्या कडा, वाकडी टोकं, वापरून चपट्या झालेल्या चकत्या. हिरवा, गुलाबी, पिवळा असे सगळे एकत्र आले आणि रंग झाला चिखलासारखा. आता फक्त धुण्याचा सोडा घालायचा राहिला होता.

परसातल्या या खोलीचं दार वर्षभराने उघडलं होतं. दोघी जावा इथे मिळून साबण करायच्या. गेल्या वर्षी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं भांडं धाकटीच्या हातून निसटलं. थोरलीने तिला बाजूला ढकललं आणि ते पाणी थोरलीच्याच डाव्या हातावर सांडलं. हात कोपरापर्यंत भाजला.

हात बरा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खोली उघडणार. पण थोरलीने साफ नकार दिला. "मला नाही बाई धीर होत. त्या दाराकडे बघवतही नाही."

मग घरात तोच एक विषय. सासूबाई समजूत काढायच्या. नवरा चिडवायचा, "आयुष्यात कधी मला घाबरली नाहीस, आणि एका कॉस्टिकच्या डब्याला घाबरतेस?" थोरली हसून सोडून द्यायची. धाकटी मात्र या बोलण्यात कधी पडायची नाही. तिने कापडाच्या दुकानात नोकरी धरली. खोली बंदच राहिली.

आज धाकटीला सुट्टी होती. सकाळीच थोरलीने आपला हात तिच्यापुढे केला. भाजलेली कातडी लालेलाल झाली होती.

"ही धुण्याची पावडर मला सोसत नाही बघ. खोलीत तुकड्यांचं खोकं पडलंय, त्याचा साबण करू. पण एकटीने आत जायला मन घेत नाही. तू चल."

"कॉस्टिक लागणार नाही ना?" धाकटीने पटकन विचारलं.

"छे! तेलाचं आणि कॉस्टिकचं भांडण त्या तुकड्यांत कधीच मिटलंय. आता नुसतं किसायचं आणि वितळवायचं."

फळीवर कॉस्टिकचा डबा तसाच घट्ट बंद होता. धाकटी मुद्दाम त्याला झाकून उभी राहिली, थोरलीची नजर तिकडे जाऊ नये म्हणून. थोरली भराभर किसत होती, मधेच काहीतरी गुणगुणत होती. केवढी धीराची बाई ही, धाकटीच्या मनात आलं. जिथे हात पोळला तिथेच बसून गाणं म्हणतेय.

धुण्याचा सोडा घालून झाला, साबण निवला, खळीसारखा दाट झाला. थोरलीने नवऱ्याचा एक सदरा आणून बादलीत बुडवला आणि कॉलरला तो चिखल चोळला. काळी कडा बघता बघता निघून गेली. "घ्या! दिसायला अगदी माझ्यासारखा, पण कामाला पक्का," ती म्हणाली. तिने भाजलेला हात फेसात बराच वेळ तसाच ठेवला. हाताची आग झाली नाही. दोघी खळखळून हसल्या.

"आता आलोच आहोत, तर नवा साबणही करून टाकू," थोरली म्हणाली.

तिने रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांवर जाड चष्मा लावला आणि धाकटीच्या खांद्यावरून हात घालून फळीवरचा डबा काढला. कॉस्टिक मोजून घेतला. थोडा थोडा करत पाण्यात सोडला. एक कण इकडेतिकडे पडला नाही. भांड्यातून वाफ निघाली, तरी तिचा हात हलला नाही.

धाकटी मात्र दारापर्यंत मागे सरकली होती. चौकट तिने गच्च धरली होती.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही घाबरत होतात ना?"

"ये. तेलाचं पातेलं तू धर."

धाकटीला वेळ लागला. थोरलीने घाई केली नाही. शेवटी धाकटी आत आली आणि तिने पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

"सांगा ना, ताई."

थोरली भांड्यावरची नजर न काढता म्हणाली, "खोली का बंद पडली, ते घरात काहीतरी सांगायला हवंच होतं. भाजलेली मी होते. म्हणून तुझी भीती माझ्या नावावर खपवली. मला कोण नावं ठेवणार होतं?"