बाईंचा पासवर्ड साहेबांनी बदलला

“नाव तुमचं आहे,” मॅनेजर म्हणाला आणि त्याने कागद टेबलावरून बाईंकडे सरकवला. “कॉम्प्युटरला काही तुमच्याशी वैर नाही.”

कागदावर एकच ओळ होती. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ड्रायव्हरच्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट त्याच्या मालकाला पाठवला. पाठवणाऱ्याचं नाव बाईंचं.

ड्रायव्हर तिथेच होता, भिंतीजवळ, खालचे-वरचे सगळे कागद छापणाऱ्या प्रिंटरशेजारच्या स्टुलावर. तक्रार त्याचीच. सोळा वर्षं त्याने एकाच घरची गाडी चालवली. बुधवारी सकाळी मालकाने त्याच्याकडून चावी मागून घेतली. साखर एवढी चढलेल्या माणसाच्या हाती माझी मुलं कशी देऊ, म्हणाला. आपली साखर किती, हे ड्रायव्हरला तोवर माहीतही नव्हतं. त्याचं रक्त बाईंनीच घेतलं होतं. सुई टोचताना म्हणाल्या होत्या, घाबरू नका भाऊ, जे निघेल ते तुमच्यापाशीच राहील.

आता तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. बाईंना ते समोरच्या राजीनाम्यापेक्षा जास्त लागत होतं.

राजीनामा तयारच होता. टाइप केलेला, तारीख घातलेला, सहीपुरती जागा सोडलेला. तपासणी केंद्रात बावीस वर्षं लोकांच्या शिरा शोधल्या त्या हाताने आता एवढी सही करायची. नाही केली तर पोलीस, हे मॅनेजर अगदी गोड आवाजात दोनदा सांगून झाला होता. चौकशी सुरू होण्याआधीच निकाल टाइप करून ठेवणाऱ्यांचा आवाज गोडच असतो.

बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. सोमवारी हुकूम निघाला, सगळ्यांनी पासवर्ड बदला. वरच्या मजल्यावर रांगेत उभं राहून त्यांनी तो बदलला. कुठे लिहिला नाही. कुणाला सांगितला नाही, घरी नवऱ्यालासुद्धा नाही.

“म्हणजे फक्त तुम्हालाच माहीत,” मॅनेजर म्हणाला. “मग मंगळवारी रिपोर्ट पाठवला कोणी, भुताने?”

जितकं खरं बोलावं तितका फास आवळत जावा, असा मामला होता.

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला होता. रिपोर्ट कुठल्या कॉम्प्युटरवरून गेला, असं बाईंनी त्याला विचारलं. नोंद नावाची राहते, जागेची नाही, तो म्हणाला. मग त्यांनी विचारलं, वर पासवर्ड बदलला, पण खाली काउंटरवर आधीपासून माझ्या नावाने उघडं आहे, ते बंद होतं का? त्याने मॅनेजरकडे पाहिलं. होतं, मॅनेजर म्हणाला. प्रश्न त्याला विचारलाच नव्हता.

खाली रक्त घ्यायच्या काउंटरवर सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते. एका हातात दंड, दुसऱ्या हातात सुई. लॉगआउट करायला तिसरा हात लागतो आणि तो पगारात बसत नाही. तिथला कॉम्प्युटर एकदा उघडला की उघडाच. रात्री फक्त स्क्रीन काळी होते. दिवसभरात त्या खुर्चीवर पाच जण बसून उठतात. स्क्रीनवर नाव कोणाचं आहे, हे बघायला कोणाला सवड नसते. झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. मॅनेजरलाच तेवढं नव्हतं म्हणे.

मी हे आधी कळवलं होतं, बाई म्हणाल्या. मॅनेजरने विचारलं, लेखी काही आहे? लेखी होतं. पण ते कॉम्प्युटरमध्येच होतं, बाईंच्याच नावाखाली. आणि बुधवारपासून त्यांना कॉम्प्युटरला हात लावायची बंदी होती.

बाईंनी राजीनामा बाजूला सारला.

“साहेब, माझा पासवर्ड आत्ता तुम्हीच बदला. मला सांगू नका. मग मी खाली जाऊन येते.”

मॅनेजरला गंमत वाटली. हातांची आडोशाची भिंत करून त्याने सॉफ्टवेअरवाल्याच्या लॅपटॉपवर चांगला सोळा अक्षरांचा पासवर्ड घातला. मग बाईंना त्यांचा जुना पासवर्ड टाकून बघायला लावलं. लॅपटॉपने लाल अक्षरांत नकार दिला.

“या जाऊन,” मॅनेजर म्हणाला. “येताना पेन आणा. सहीला लागेल.”

बाई गेल्या. मॅनेजरने ड्रायव्हरला समजावलं की अशी माणसं कुठेही असतात, पण तुम्हाला न्याय मिळणार. सॉफ्टवेअरवाला नखं खात होता. त्याने ती लाल अक्षरं बघितल्यापासून मान वर केली नव्हती.

आणि प्रिंटर खाकरला.

एक कागद बाहेर आला. ड्रायव्हर जवळ होता, त्यानेच तो उचलला. वर बाईंचं नाव होतं. छापल्याची वेळ आत्ताची, या मिनिटाची. त्याखाली अकरा महिन्यांपूर्वीची तारीख आणि मजकूर. ड्रायव्हर ओळीखाली बोट धरून, सावकाश, मोठ्याने वाचू लागला.

“पासवर्ड बदलला तरी काउंटरवरचा कॉम्प्युटर माझ्या नावाने उघडाच राहतो. तिथे बसून कोणीही कोणाचाही रिपोर्ट कुठेही पाठवू शकतं. एखाद्या गरिबाचं नुकसान होण्याआधी हे दुरुस्त करून घ्यावं, ही विनंती.”

त्याचं बोट खाली सरकलं. तिथे शेरा होता.

“दुरुस्तीला खर्च आहे. सारखा पासवर्ड विचारला तर रांग वाढेल. बाईंनी सुयांकडे लक्ष द्यावं.”

दारात बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात पेन होतं. ड्रायव्हरने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून तो कागद टेबलावरून मॅनेजरकडे सरकवला.

“खाली नाव तुमचं आहे, साहेब,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरला काही तुमच्याशी वैर नाही.”