वाटेवरचे गोड गहू
या मायबापहो, जवळ सरका. ग्रीसमधल्या मॅरेथॉन गावाहून अथेन्सकडे जाणाऱ्या शर्यतीतली गोष्ट सांगतो. सत्तरीचा स्तामातिस पूर्वी घड्याळ बघत धावायचा, आता मौजेखातर. एकटा जीव, घाई कसली? त्या रविवारी सगळ्यांच्या मागे राहून तो एका दाराशी थांबला. नवऱ्याच्या स्मृतिदिनाचे गोड उकडलेले गहू घेऊन एक म्हातारी सकाळपासून उभी होती; खाणाऱ्यानं गेलेल्याचं नाव घेऊन शांती मागायची, अशी तिकडची रीत. धावणारं कुणी थांबलंच नव्हतं. “खातोस?” तिनं विचारलं. “पण मागे पडलेल्यांची बस येतेय, तुला भंगारासारखं उचलून नेईल!” “नेऊ दे. गेलेल्यांचं नाव काय?” “आंदोनिस.” “देव आंदोनिसला शांती देवो,” म्हणत त्यानं मूठभर खाल्ले. तिनं आणखी एक मूठ त्याच्या हातावर ठेवली नि विचारलं, “तुझ्यामागे कोण वाटेल रे गहू?” “कुणी नाही, बाई.” “मग नाव सांगून जा.” पुढे तो वारल्याचं कळल्यावर तिनं दरवर्षी गहू दोन्ही नावांनी वाटले. यंदा तीही नाही, म्हणून हे गहू मी वाटतोय. तेव्हा आज घास घेताना स्तामातिसची आठवण काढा.