चिखल कुठवर?

“चिखल कुठवर लावू?” बायकोने विचारलं, आणि ड्रायव्हरने तोंडाला लावलेला कप तसाच खाली ठेवला.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर रणगाडा उभा होता. खऱ्यापेक्षा पस्तीसपट लहान. नोकरीची सगळी वर्षं ड्रायव्हरने असाच रणगाडा चालवला होता. त्याची बोटं केळ्यांएवढी, त्यांत ते इवले इवले तुकडे कुठले धरायला! बायकोचा जन्म शिवणकामात गेलेला. म्हणून खोक्यातला जोडणीचा नकाशा त्याने वाचायचा आणि चिमट्याने तुकडा उचलून तिने नेमका चिकटवायचा, असं तीन आठवडे चाललं होतं. चाकं बसली, पट्टे चढले, घुमट गोल फिरायला लागला. हिरव्या रंगाचे दोन हात झाले. आज सकाळी तिने कुंडीतली माती चहाच्या जुन्या गाळणीने चाळून तपकिरी रंगात कालवली होती.

“चिखल नकोच,” तो म्हणाला. “दिसू दे छान, स्वच्छ.”

“स्वच्छ रणगाडा! तुमचे कपडे कोणी धुतले इतकी वर्षं? मला नका सांगू.”

“बरं, मग चाकांपर्यंत लाव. वर एक थेंब चढता कामा नये.”

हे ‘वर एक थेंब’ कुठून आलं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात याच्याच रणगाड्यावर तोफ डागणाऱ्या गनरने भर पंगतीत किस्सा रंगवला होता: “या पठ्ठ्याने आमचा रणगाडा घुमटापर्यंत चिखलात बुडवला!” ड्रायव्हर म्हणाला, चाकांपर्यंत. गनर म्हणाला, घुमटापर्यंत. माणसं हसली, शब्दाने शब्द वाढला. अकरा वर्षं एका लोखंडी डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेले दोघे, त्या दिवशी दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले. तेव्हापासून बोलणं बंद.

“भाऊजींनाच विचारते,” ती म्हणाली.

“कोण भाऊजी?”

“वेड पांघरू नका. गनरभाऊजी.”

“नंबर आहे तुझ्याकडे?”

“असायला काय झालं? त्यांच्या बायकोशी दर रविवारी बोलते मी.”

“सहा वर्षं?”

“तुम्ही पेपरात डोकं घालून बसता तेव्हा.”

बोलता बोलता तिने फोन लावलाही, आणि डिंकाच्या बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी छत आलं, मग एक कान, मग चष्मा आणि टक्कल.

“वहिनी, ही आंघोळीला गेलीये, दहा मिनिटांनी...” गनर बोलता बोलता थांबला. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. “हा आपला का?”

ड्रायव्हर खिडकीकडे तोंड करून बसला होता. ‘आपला’ म्हटल्यावर त्याची मान जराशी हलली.

“तुमचाच,” ती म्हणाली. “चिखल लावायचाय, भाऊजी. खरं सांगा, कुठवर होता?”

तिने ब्रश कालवलेल्या रंगात बुडवून धरला. आता तोफा धडाडणार, असं तिला वाटलं.

“चाकांपर्यंत,” गनर म्हणाला. “तेवढाच होता, वहिनी. घुमटापर्यंत मी नेला. लोक हसायला लागले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. आणि अजून एक. त्या दिवशी कमांडरसाहेब नकाशात गुंतले होते, तेव्हा ‘डावीकडे घे, जमीन टणक आहे’ असं वरून ओरडलो तो मी. याने बोलणी खाल्ली, पण माझं नाव नाही घेतलं. ते पंगतीत सांगायचं राहूनच गेलं.”

ड्रायव्हर गर्रकन वळला. चेहरा लालबुंद.

“थापा मारू नकोस!” तो फोनवर गरजला. “म्हणे चाकांपर्यंत! घुमटाला लागला होता चिखल! झाकण उघडलं तर माझ्या मांडीवर आला बदकन!”

“अरे, पण मी उतरलो तेव्हा चाकं दिसत होती मला!”

“तुझा चष्मा तेव्हाही कामातून गेलेला होता!”

“तेव्हा मला चष्मा नव्हता, गाढवा!”

“तेच म्हणतोय मी! लागला होता, पण घेतला नव्हतास!”

गनर खो खो हसायला लागला. त्याचा फोन हातातून निसटला, पुन्हा छत दिसलं, आणि छतातूनच हसणं ऐकू येत राहिलं. ड्रायव्हर डोळे पुसत होता आणि “घुमटापर्यंत, घुमटापर्यंत” म्हणत टेबलावर थापा मारत होता. ज्यावरून सहा वर्षं अबोला होता तेच उलटं धरून दोघे नव्या दमाने भांडत होते. ब्रशवरून वर्तमानपत्रावर टपटप थेंब पडत होते.

“पुरे!” ती म्हणाली. “माझा रंग वाळतोय.”

तिने रणगाडा जवळ ओढला. डाव्या बाजूला पार घुमटापर्यंत चिखल थापला. उजव्या बाजूला फक्त चाकं माखली. “घ्या. हा तुमचा, हा भाऊजींचा. आता मिटवा.” आणि तिने रणगाडा फोनसमोर धरला.

ड्रायव्हरने रणगाडा तिच्या हातून हळूच काढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि वर्तमानपत्राचं एक पान घडी करून उजव्या पट्ट्याखाली सारलं. रणगाडा डावीकडे कलला.

“मी डावीकडून बाहेर आलो,” तो म्हणाला.

“मी उजवीकडून,” गनर म्हणाला.

दोघे त्या कललेल्या रणगाड्याकडे बघत राहिले. मग फोनमधून अगदी हळू आवाजात प्रश्न आला.

“वहिनी, तुम्ही होतात का तिथं?”