पहिली सुरी

बाळाबाईनं भोपळा कमरेवरनं उतरवला आणि थेट गणपतरावांच्या खाटेवर, त्यांच्या मांडीशी ठेवला.

"लावा सुरी."

अख्ख्या भोपळ्याला बाईनं आधी सुरी लावायची नाही. त्याला घरचा थोरला लेक मानतात. घरातल्या पुरुषानं पहिला घाव घालायचा, मग बाईनं खुशाल चिरावा. आजवर गणपतरावांनी तो बसल्या जागी घातला होता, आणि वर भाजीला नावंही ठेवली होती. पण श्रावणात त्यांच्या अंगावरनं वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात नुसता पडून असायचा.

परड्यात बी त्यांनीच टोचलं होतं, मृगात. पुढचं सगळं बाळाबाईनं केलं. मोरीचं पाणी वळवलं, वेल गोठ्याच्या छपरावर चढवला, फळाखाली गवताची चुंबळ दिली. देठ वाळला, सालीत नख रुतेना, तेव्हाच तोडला.

शेजारचा पिराजी दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हे, जिभेला हाड नाही एवढंच.

"वैनी, घरात गडीमानूस न्हाय तर मला हाक मारायची की! एका घावात दोन करतो."

गणपतराव भिंतीकडं बघत म्हणाले, "दे त्याला. माझ्यानं काय हुतंय आता."

बाळाबाईला राग आला. पिराजीचा थोडा, नवऱ्याचा जास्त.

"भावजी, तुमी पावणं. बसा, च्या टाकते," ती म्हणाली आणि सुरी नवऱ्याच्या डाव्या हातात दिली.

सुरी घसरली. सालीवर नुसता ओरखडा उठला. पुन्हा घसरली. गणपतरावांच्या कपाळाला घाम फुटला. पिराजीचा हात पुढं झाला, पण बाळाबाईची नजर बघून त्यानं तो मागं घेतला. तिनं भोपळा दोन्ही हातांनी गच्च धरला. सुरीला मात्र बोट लावलं नाही.

मग गणपतरावांनी अंगाचा सगळा भार टाकला. टोक कचकन आत गेलं आणि तिथंच अडकलं. ओढलं तरी निघेना.

"एवढंच जमलं बघ," ते म्हणाले.

"एवढंच लागतंय."

तिनं भोपळा कमरेवर घेतला. चूल आतल्या खोलीतच होती. पण ती पुढच्या दारानं बाहेर पडली, आणि भोपळ्यात सुरी तशीच उभी ठेवून, सगळ्या गल्लीला वळसा घालून, परड्याच्या दारानं चुलीपाशी गेली.