उंच छत

आईला भाड्याच्या खोलीत मरायचं नव्हतं, आणि डॉक्टरांनी जेमतेम सहा महिने सांगितले होते. गवंडी परवडेना, म्हणून तो दर सुट्टीला एका मिस्त्रीच्या हाताखाली वीटकाम शिकला आणि आपल्या जागेवर स्वतःच भिंती चढवू लागला.

"दिवसाला तीन फुटांच्या वर भिंत नेऊ नकोस," मिस्त्री बजावायचा. "घाई केलीस तर भिंतीला पोट सुटेल."

भिंती पुऱ्या झाल्या, छत राहिलं, आणि आईचं अन्न तुटलं. त्याने तिची खाट उचलून त्या चार भिंतींत नेऊन ठेवली.

अंधूक डोळ्यांनी ती बराच वेळ वर बघत राहिली.

"छत दिसत नाही रे."

"उंच घेतलंय, आई."

तिने त्याची सिमेंटने चिरलेली बोटं चाचपली.

"पावसाच्या आत जरा खाली घे हो," ती म्हणाली. "तू भिजशील."