सातचे थेंब

"इश श्टेहे उम झेक्स उअर आउफ," थोरली वहीत बघून पुटपुटली.

धाकटी बहीण पलंगावर बसून हाताच्या अंदाजाने टॉवेलांच्या घड्या घालत होती. काचबिंदूने तिची नजर पार धूसर केली होती. कान मात्र तिखट झाले होते.

"आता काय म्हणालीस?"

"मी सहाला उठते."

"उठतेस आणि भांडी आपटतेस, ते ठाऊक आहे मला. पुढे?"

"मग मी चहा पिते. सातला फिरायला जाते. आठला आंघोळ करते. रोजचा दिवस कसा जातो, त्याचा धडा आहे."

"या वयात जर्मन कशाला लागतंय तुला?"

"वेळ जातो गं. लेकीनेच तिथून फोनवर शिकवणी लावून दिली. दुकानात चार शब्द बोलता आले म्हणजे..."

"कुठल्या दुकानात?"

थोरली थांबली. "अगं, धड्यातल्या."

धाकटीचे हातही थांबले. परवा माळ्यावरून काहीतरी खाली उतरलं होतं, चाकं असलेलं. विचारलं तर थोरली म्हणाली होती, जुनं पांघरूण काढलं. तेव्हाही आवाजात अशीच साखर होती. काही लपवायचं असलं की तिचा आवाज लहानपणापासून असाच व्हायचा.

"परत सांग. सातला काय करतेस?"

"फिरायला जाते."

"सातला तू माझ्या डोळ्यांत थेंब घालतेस. आधी एक बाटली, पाच मिनिटांनी दुसरी."

"पुस्तकातली वाक्यं आहेत गं ती."

"पुस्तकातल्या बाईला बहीण नाही वाटतं."

घड्याळात सातचे ठोके पडले. थोरलीने वही मिटली आणि औषधांचा डबा आणून उघडला. रोज धाकटी नुसती मान वर करून बसायची. आज तिने डब्यात हात घातला. एक बाटली गुळगुळीत होती. दुसरीला रबरबँडचे दोन वेढे होते.

"हे कशाला?"

"दोन्ही सारख्याच दिसतात ना."

"तुला वाचता येतं की, ताई."

थोरली अगदी हळू म्हणाली, "तीनच महिने गं. लेकीचं बाळंतपण आहे. तिचं तिथे कोणी नाही."

धाकटीने दोन्ही बाटल्या चाचपल्या.

"आधी कोणती? रबरवाली की साधी?"

"साधी."

तिने मान मागे टाकली, बाटली डोळ्यावर धरून दाबली. थेंब गालावर पडला आणि ओघळत कानापर्यंत गेला. थोरली घडीतला टॉवेल ओढून पुढे झाली.

"पुसू नकोस," बाटली पुन्हा डोळ्यावर नेत धाकटी म्हणाली. "सात वाजलेत. तू फिरायला जा."