पात्यातलं पान

"कमळाताई, थरांमध्ये काही अडकू द्यायचं नाही. केससुद्धा नाही," कामाच्या पहिल्याच दिवशी समीक्षा मॅडम म्हणाल्या होत्या, आणि कमळाने मान डोलावली होती. रत्नागिरीच्या त्या कारखान्यात ती बोटींच्या पंख्यांची पाती बनवायची. कार्बनच्या कापडावर रेझिन, त्यावर पुन्हा कापड.

आज मॅडमनी तपासणीसाठी एक नवं पातं कापलं. आत बेलाचं पान निघालं. त्याच्याभोवतीचे थर सुटले होते.

"वाऱ्याने आलं असेल," मॅडम म्हणाल्या. "खिडकीला जाळी मारून घेऊ."

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. पण ते कमळाच्या तोंडून निघेना.

"वारा नव्हता, मॅडम. मी सोळा सोमवार धरले होते. दर सोमवारी एका पात्यात एक पान ठेवलं. बोटी सुखरूप याव्यात म्हणून."

मॅडमनी नोंदवही उघडून पाहिली. "त्यातली बारा पाती लागलीत, ताई. तीन बोटींना. भर समुद्रात थर सुटले तर पातं तुटेल."

"एक माझ्या भावाची, शिवाची. दुपारी सुटायची आहे."

"मग फोन करा त्याला. पात्यात पान राहिलंय म्हणून सांगा."

"बाकीच्या दोघांना तुम्ही करा. शिवाला फोनवर सांगून भागायचं नाही. आत बेलाचं पान आहे म्हटल्यावर तो आणखीच निर्धास्त जाईल."

आज सतरावा सोमवार, उद्यापनाचा. कमळाने पदर खोचला आणि उपास न सोडताच ती मिरकरवाड्याच्या जेटीकडे निघाली.